‘रिलिंक्विश’ म्हणजे नुसतं ‘सोडणे’ नव्हे

प्रश्न असा आहे: वडिलोपार्जित जमिनीच्या इंग्रजी दस्तात ‘रिलिंक्विश’ हे क्रियापद आलं आहे. त्याचा अर्थ ‘सोडणे’ एवढाच घ्यायचा का, आणि ‘लिक्विड’शी त्याचं काही नातं आहे का?

लिक्विडशी नातं नाही, तो धातूच वेगळा. हा शब्द लॅटिन ‘रेलिंक्वेरे’वरून आला. ‘रे’ म्हणजे मागे, ‘लिंक्वेरे’ म्हणजे सोडणे. एकूण ‘मागे ठेवून जाणे’. जुन्या फ्रेंचमार्गे तो पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. शेवटचा ‘इश’ फ्रेंच क्रियापदांच्या रूपांतून आलेला, फिनिश आणि पनिशमध्ये आहे तोच. उच्चारताना जोर ‘लिं’वर द्यायचा.

खरी गंमत पुढे आहे. या ‘लिंक्व’चं सख्खं भावंड म्हणजे संस्कृतातला ‘रिच्’ धातू. लॅटिनमधल्या ‘ल’च्या जागी इथे ‘र’ आहे. रिच् सातव्या, म्हणजे रुधादि गणातला. या गणात वर्तमानकाळी धातूच्या पोटात ‘न’ शिरतो: रिणक्ति. ‘रिक्त’ या विशेषणात मात्र तो ‘न’ दिसत नाही. आता लॅटिन पाहा: ‘लिंक्वो’मध्ये (मी सोडतो) ‘न’ आहे, ‘रेलिक्तुस’मध्ये (मागे ठेवलेला) नाही. जिथे संस्कृतात येतो तिथेच येतो, जिथे जातो तिथेच जातो! इतकं बारीक साम्य योगायोगाने जुळत नाही. मराठीतले रिता, अतिरिक्त, रेचक, अतिरेक याच घरातले. इंग्रजीत रेलिक (अवशेष) आणि डेरेलिक्ट (बेवारस टाकलेलं) लॅटिनमधून आले, तर ‘लोन’ जर्मानिक शाखेतून. लोन म्हणजे मुळात दुसऱ्याकडे ठेवलेलं.

याच रिच्‌पासून ‘रिक्थ’ हा शब्द झाला. रिक्थ म्हणजे मेलेल्या माणसाने मागे ठेवलेलं धन, वारसा. ऋग्वेदात (३.३१.२) शब्द आहेत: ‘न जामये तान्वो रिक्थमारैक्’, औरस मुलाने बहिणीला वारसा सोडला नाही. यातलं ‘रिक्थ’ही रिच्‌चं आणि ‘आरैक्’ हे क्रियापदही रिच्‌चंच. भाऊ, बहीण आणि वारसा हे सगळं त्या एका ओळीत आहे. आज हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, आणि तो सोडायचा झाला तर तिला त्याच धातूतून आलेल्या क्रियापदाखाली सही करावी लागते.

आता वापर. रिलिंक्विशमध्ये वस्तू आधी आपल्या हातात असावी लागते, मग पकड सैल होते. ही सोडणूक कधी मनापासून, कधी नाइलाजाने. म्हणून ताबा, सत्ता, पद, दावा, हक्क हे त्याचे नेहमीचे सोबती. सिगारेट सोडण्याला हे क्रियापद फार भारदस्त होतं. तिथे ‘गिव्ह अप’ पुरे. ‘वेव्ह’ म्हणजे हक्क असून तो बजावायचा नाही असं ठरवणं, जसं दंड किंवा शुल्क माफ करणं. ‘रिनाउन्स’मध्ये जाहीर त्याग आहे; १९३६ साली ब्रिटनचा राजा आठव्या एडवर्डने राज्यत्यागाच्या दस्तात हेच क्रियापद वापरलं. परदेशी नागरिकत्व घेणाऱ्या आपल्या लोकांना जुना भारतीय पासपोर्ट जमा करताना भेटतो तो ‘सरेंडर’, म्हणजे हवाली करणं.

‘आधी हातात असणं’ ही अट दस्त करताना फार महत्त्वाची. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरावर मुलाचा हक्कच नसतो, नुसती आशा असते. आशा रिलिंक्विश करता येत नाही. म्हणून असं आधीच केलेलं हक्कसोडपत्र पुढे वादात सापडतं. तसंच हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्या लाभात. त्रयस्थाला द्यायचं असेल तर खरेदीखत किंवा बक्षीसपत्र. आणि स्थावर मालमत्तेचा दस्त असल्याने नोंदणी हवीच.

भाषांतरात ‘जमीन सोडली’ असं मात्र लिहू नका. मराठीत जमीन पडीक ठेवली तरी सोडली, कूळ उठून गेलं तरी सोडली. उपास सोडतात तेव्हा तर जेवायला बसतात. ‘माझा अविभक्त हिस्सा व त्यावरील हक्क भाऊ अमुक यांच्या लाभात कायमचा सोडत आहे’ असं लिहा. काय सोडलं आणि कोणासाठी, दोन्ही कागदावर यायला हवं.