ते सात चौकोन कोरेच ठेव

*ताई, 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुण्यात डहाणूकर कॉलनीतल्या कॉट बेसिसच्या खोलीत मी एकटीच उरले होते. रोज खिडकीतून आभाळाचा एक फोटो काढायचे. एप्रिलमध्ये सांगलीला आजी गेली. प्रवासाचा पास वेळेत मिळाला नाही. आता त्या फोटोंचं काहीतरी करावंसं वाटतंय, पण भाऊ म्हणतो, "आजी गेली तेव्हा तुला फोटो सुचत होते?" करू का मी हे? सगळे फोटो सोबत पाठवते आहे.*

प्रिय मुली,

कर. तुझे फोटो मी तारखांप्रमाणे लावून पाहिले. 25 मार्च ते 3 जून, दिवस 71 आणि फोटो 64. राहिलेले सातही दिवस सलग आहेत, आजी गेली त्या दिवसापासूनचे. तुला काय सुचत होतं आणि काय नाही, ते तिथेच दिसतं. आठव्या दिवशीचा फोटो तिरका आलाय. खिडकीचा गज मधोमध, शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीनं अर्धी जागा खाल्लेली आणि आभाळ जेमतेम चिंधीएवढं. मला सगळ्यांत तोच आवडला. चांगले चांगले निवडायला बसलीस तर तोच आधी बाद करशील, म्हणून निवडूच नकोस. सगळे घे.

आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकारानं 1922 मध्ये ढगांचे फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा त्याची आई शेवटच्या आजारात होती. पुढे कित्येक वर्षं तो ढगच टिपत राहिला. आईवर त्याचं प्रेम कमी होतं म्हणून नव्हे गं.

आता कामाचं. फोटो मूळ फोनमधूनच घे, व्हॉट्सॲपवरून आलेल्यांत काढल्याची तारीख राहत नाही. प्रिंट मॅट पेपरवर काढ आणि दुकानदाराला बजावून सांग, "रंग सुधारू नका." नाहीतर मशीन तुझं मळभ उजळून टाकेल. जाड कार्डशीटवर दिनदर्शिकेसारखे वारांप्रमाणे चौकोन आख. फेविकॉलनं कागद फुगतो, त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. शेवटी 3 जून, निसर्ग वादळाचा दिवस, गजावर थेंब लटकलेले.

ते सात चौकोन पेन्सिलीनं आखून कोरेच ठेव. आजीचा फोटो तिथे लावायचा मोह होईल, लावू नकोस.

भावावर रागावू नकोस. त्या दिवसांत सांगलीत खांदा द्यायला माणसं गोळा करताना त्याचं काय झालं असेल, हे तू त्याला कधी विचारलंयस का? तुझ्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. चिकटवायला त्यालाच पुण्याला बोलाव. तारखा तो वाचेल, फोटो तू लावशील. त्या सात दिवसांपाशी पोचलात की हातातलं काम बाजूला ठेव आणि चहा टाक. त्याला बोलू दे.

तुझी,
ताई