वाचकांचे प्रश्न : जीव लावणे आणि जीव गुंतवणे

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ खानापुरात ‘सुपरनॅचरल’ ही भुताखेतांशी लढणाऱ्या दोन भावांची अमेरिकी मालिका पाहतो. धाकट्या सॅमला वाचवण्यासाठी सैतानी शक्तीला आत्मा विकणारा थोरला डीन माझ्या धाकट्या भावाला आदर्श वाटतो, मला मात्र त्याची भीती वाटते. माझे चुकते का?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : आपली भीती रास्त आहे, कारण २००५ ते २०२० या काळात १५ पर्वे चाललेल्या या मालिकेनेच ती हळूहळू मान्य केली आहे. १९८३ च्या आगीत आई गेली तेव्हा चार वर्षांच्या डीनच्या हातात वडिलांनी तान्ह्या सॅमला दिले आणि पळ म्हणून सांगितले. ते ओझे त्याने पुढे कधी खाली ठेवलेच नाही. थोरला म्हणजे बापाच्या जागी, असे मानणाऱ्या आपल्या सीमाभागातील घरांना हे फार ओळखीचे वाटते, आणि म्हणूनच डीनचा दोष चटकन दिसत नाही.

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस तो वर्षभराने मरण पत्करून आत्मा विकतो, तो त्याग म्हणता येईल. नवव्या पर्वात मात्र मरणाला तयार झालेल्या सॅमच्या देहात तो फसवून एका देवदूताला शिरू देतो. हा त्याग नव्हे. एकटे राहण्याच्या धास्तीपोटी दुसऱ्याच्या संमतीवर घातलेला हा घाला आहे. सत्य कळल्यावर सॅम भावाला सुनावतो, की तशाच परिस्थितीत आपण असे केले नसते. माझ्या मते मालिकेतील सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच. तो भाग धाकट्यासोबत पुन्हा पाहा आणि सॅमच्या जागी तो असता तर काय म्हणाला असता, एवढेच विचारा.