माठ रंगवला आणि पाणी गार होईना

प्रश्न : यंदा नवीन माठ आणला, नुसता लाल बरा दिसेना म्हणून बाहेरून ऑइल पेंट मारला आणि वर वारली चित्रं काढली. सगळ्यांनी कौतुक केलं पण पाणी काही गार होत नाही. अकरावीतला मुलगा म्हणतो, "आई, तू खुली सिस्टिम बंद करून टाकलीस." म्हणजे मी नक्की काय केलं?
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, पोरगं बरोबर बोलतंय, त्याला रागावू नका. माठाला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरून बाहेर येतं आणि तिथून त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती बरीचशी आतल्याच पाण्यातून ओढली जाते. म्हणजे माठातून पाणीही बाहेर जातं आणि उष्णताही, म्हणून ती खुली सिस्टिम. तुम्ही पेंटने छिद्रं बुजवलीत, आता उष्णता आतबाहेर करते पण पाणी जात नाही, झाकण ठेवलेल्या स्टीलच्या कळशीसारखं झालं ते. यालाच बंद सिस्टिम म्हणतात.

हिशोबच बघा ना. 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 2.4 किलोज्यूल उष्णता लागते. 10 लिटर पाणी 35 अंशांवरून 25 वर आणायचं तर 420 किलोज्यूल काढायला हवेत, म्हणजे जेमतेम 175 ग्रॅम पाणी उडालं की काम झालं, एक ग्लासभर धरा! प्रत्यक्षात थोडं जास्त उडतं कारण बाहेरची गरम हवा माठाला सारखी तापवतच असते. तुमच्याकडे मे महिन्यात हवा कोरडी म्हणून हे मस्त चालतं, तोच माठ मुंबईला न्या, तिथे हवेतच इतका दमटपणा की पाणी उडायलाच मागत नाही, मग लोक माठाला नावं ठेवतात.

तिसरा प्रकार विलग सिस्टिमचा, म्हणजे पाणीही जाणार नाही आणि उष्णताही नाही. अशी शंभर टक्के वस्तू घरात सापडायची नाही, थर्मास त्यातल्या त्यात जवळचा, तरी सकाळचा चहा रात्रीपर्यंत कोमट होतोच. कुकरची तर गंमतच आहे, शिट्टी होईपर्यंत तो बंद, गॅसची उष्णता तेवढी आत घेतो, आणि शिट्टी झाली की वाफ बाहेर म्हणजे तेवढ्यापुरता खुला. मुलाला हे विचारून बघा, बहुतेक अडकेल.

आता उपाय. पेंट घासून काढायच्या भानगडीत पडू नका, छिद्रांत गेलेला रंग निघत नाही आणि पिण्याच्या पाण्याला वास येईल तो वेगळाच. नवीन माठ घ्या, रंगवायची हौस असेलच तर पाण्यात कालवलेल्या गेरूची चार बोटं ओढा, बाकी अंग मोकळं राहू द्या. खिडकीजवळ सावलीत, वारा लागेल असा तिवईवर ठेवा. आणि जुना माठ टाकू नका हं, चित्रं काढलीत एवढी, त्यात कडधान्य भरून ठेवा.