नवीन कॉम्प्युटर हप्त्यावर घेऊ की एफडी मोडू? ताई, आधी कॅबिनेट उघडा

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. घरी बसून सहा दुकानदारांचं टॅलीचं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरवरचं, आणि जीएसटीचं काम करतात, महिन्याला २२ हजार सुटतात. २०१८ साली असेंबल केलेला कॉम्प्युटर आहे, आय थ्री सातव्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची साधी हार्ड डिस्क. गेला महिनाभर तो मध्येच हँग होतो, माऊस हलत नाही, आणि अर्ध्या पाऊण तासाने काही न सांगता खटकन बंद पडतो. लगेच चालू केला की पाच मिनिटांत परत बंद, पण चहा वगैरे करून वीस मिनिटांनी लावला की बराच वेळ चालतो. दुकानातला मुलगा घरी आला, पाच मिनिटं बघितलं न बघितलं आणि म्हणाला मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेलाय, दुरुस्तीला साडेनऊ हजार जातील, त्यापेक्षा नवीन सेट घ्या ५२ हजारांचा, बारा महिने नो कॉस्ट ईएमआय करून देतो. ताईंकडे सेव्हिंगला ३८ हजार आहेत, मुलाच्या डिप्लोमाच्या ऍडमिशनसाठी १ लाखाची एफडी आहे ती जुलैमध्ये सुटते, आणि मार्चमध्ये भिशीचा नंबर लागतो त्याचे ४० हजार येतील. मिस्टरांचा पगार घराच्या हप्त्यात आणि किराण्यात संपतो. प्रश्न असा की हप्ते करू, एफडी मोडू की जुन्यालाच पैसे घालू.

ताई, तुम्ही तीन पर्याय विचारलेत पण तिन्ही पर्याय त्या मुलाच्या एका वाक्यावर उभे आहेत, की मदरबोर्ड गेलाय. आणि मला ते वाक्य पटत नाहीये. तुम्हीच लिहिलंय की वीस मिनिटं थांबलं की चालतो. मेलेला मदरबोर्ड चहा पिऊन जिवंत होत नाही हो, गार झाल्यावर चालणारी वस्तू बहुतेक वेळा गरम झाल्यामुळे बंद पडलेली असते. प्रोसेसर तापत तापत शंभर डिग्रीच्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा तुम्हाला वाटतं हँग झाला, आणि तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून सरळ बंद होतो. हे त्याचं काम आहे, बिघाड नाही. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, पण पैशाचा सल्ला देताना खर्च कशावर करतोय ते कळल्याशिवाय पैसे कुठून आणायचे यावर बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी हे.

सगळ्यात आधी, म्हणजे आजच, टॅलीच्या डेटाचा फोल्डर आणि एक्सेलच्या फाईली बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉम्प्युटर नवीन येईल, सहा दुकानांच्या नोंदी परत येणार नाहीत, आणि बंद डिस्कमधून डेटा काढून द्यायला जे पैसे मागतात ते ऐकून तुम्हाला ५२ हजार स्वस्त वाटतील.

मग कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफटू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जा आणि तिथेच अर्धा तास उभा ठेवा. तिथे टेम्परेचरचा आकडा दिसतो. आकडा चढत चढत गेला तर उष्णतेवर संशय, पण चढो न चढो, तिथेच बंद पडला तर विंडोज नाही, व्हायरस नाही, हार्ड डिस्क पण नाही, कारण बायोसमध्ये हे काही चाललेलंच नसतं. उरतं काय तर उष्णता, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), यूपीएस आणि बोर्ड. मग यूपीएस बाजूला करून वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. हसू नका, मागे एका जुलैच्या अखेरीला रिटर्नच्या गर्दीत माझ्या ऑफिसचा कॉम्प्युटर असाच खटाखट बंद पडत होता, मी लॅपटॉपचं कोटेशन मागवून बसलो होतो आणि निघाली यूपीएसची बॅटरी, हजार रुपयांच्या आत काम झालं. तेव्हापासून कोणी कॉम्प्युटर बंद पडतो म्हणालं की मी आधी यूपीएस किती वर्षांचं आहे ते विचारतो.

त्यानंतर वायर काढून कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडा. दिवाळीला माळा झाडला असेल, पंखे पुसले असतील, पण ह्या डब्याचा पत्रा २०१८ नंतर किती वेळा उघडला? प्रोसेसरवर जो छोटा पंखा असतो त्याच्या खाली ऍल्युमिनियमच्या पात्या असतात, त्या पात्यांच्या वर धुळीचा अक्षरशः नमदा बसतो, राखाडी, बोटाने उचलला तर एका तुकड्यात निघतो. पंखा गरगर फिरत असतो आणि खाली हवाच जात नाही. तुम्ही लिहिलंय की टेबल देव्हाऱ्याच्या खोलीत आहे, म्हणजे उदबत्तीचा धूर, तेलकट धूळ, ती अजून घट्ट बसते. ब्रशने झाडून घ्या, पण पंखा काढून खालची, प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत पोचवणारी पेस्ट बदलायची असेल तर ते माणसाकडूनच करून घ्या, साफसफाई आणि पेस्ट धरून पाचशेच्या आसपास घेतात. सात वर्षांची पेस्ट सुकून खडू झालेली असणार. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, वायर काढली तरी आत करंट साठलेला असतो.

आता हँग होण्याचं. ते कदाचित वेगळंच दुखणं आहे. हँग होतो तेव्हा समोरचा छोटा लाल दिवा एकसारखा पेटून राहतो का बघा, न लुकलुकता. राहत असेल तर हार्ड डिस्कवर संशय. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कची तब्येत दिसते, निळा म्हणजे ठीक, पिवळा आला की तिचे दिवस भरत आलेत. ४ जीबी रॅममध्ये टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल असं तिन्ही उघडलं तर तसाही जीव कासावीस होतो त्याचा. आणि तो मुलगा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून कर्नल पॉवर ४१ असं लाल अक्षरातलं काहीतरी दाखवेल आणि म्हणेल हे बघा बोर्ड गेल्याचा पुरावा, तर तसं नसतं, त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद पडला, जे तुम्हाला आधीच माहितीये.

आता पैशाकडे. तीन गोष्टी मी हिशोबाला लावून बघितल्या.

नो कॉस्ट ईएमआय. ५२ हजार भागिले बारा, महिना ४,३३३. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की रोख दिले तर तो ४९ हजारात देतोय, तिथेच सगळं आलं. बिनव्याजी कर्ज बँक देत नसते, रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच झिरो पर्सेंट ईएमआयवर बँकांचे कान उपटलेत, तेव्हापासून करतात काय तर बँक व्याज लावतेच आणि दुकान तेवढं डिस्काउंट दाखवतं. १५ टक्क्याने धरलं तर ह्या हप्त्यांत साधारण ४ हजार व्याज बसलेलं आहे, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सातशेवीस तुमच्या कार्डावर वेगळे येणार, प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावर टॅक्स. म्हणजे हातातून जाणार जवळपास ५२,९५०, आणि वस्तू ४९ हजारांची. ३,९५० जास्त. वर्षभर हप्त्याहप्त्याने फेडत असल्यामुळे सरासरी निम्मीच रक्कम तुमच्याकडे उसनी असते, त्यावर हे जवळपास १५ टक्के व्याज झालं. नाव काहीही असू दे.

एफडी मोडली तर. १६ महिने झालेत, दर ६.८ होता, तुमच्या बँकेत १६ महिन्यांचा दर ६.५ आणि मुदतीआधी मोडल्याचा १ टक्का दंड, म्हणजे हातात साडेपाच. लाखावर साधारण १,७०० रुपयांचं नुकसान, ते काही फार नाही खरं सांगायचं तर, हप्त्यापेक्षा कमीच आहे. मला भीती वेगळी आहे. ४९ हजार कॉम्प्युटरला गेले की उरलेले पन्नासएक हजार सेव्हिंगला पडतील आणि मोडलेल्या एफडीतले उरलेले पैसे परत एफडीत गेलेले मी ह्या धंद्यात फार कमी वेळा पाहिलेत. जुलैमध्ये कॉलेजची फी भरताना तुम्हाला कॉम्प्युटर आठवणार. अगदी वेळ आलीच तर एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या, एफडीच्या दरापेक्षा एक दोन टक्के जास्त लावतात. ८.८ टक्क्याने ४९ हजार जुलैच्या आत, एफडी सुटायच्या आधी, हप्त्याहप्त्याने फेडले तर व्याज २,३०० च्या आतच राहतं आणि एफडी जागेवर राहते.

तिसरी गोष्ट, नवीन घेतला तर टॅक्समध्ये पैसे वाचतील म्हणाला तो दुकानातला मुलगा. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा, म्हणजे झीज म्हणून किमतीतला तेवढा भाग खर्चात धरायला, मिळतो हे खरंय. पण ताई तुमचं वर्षाचं उत्पन्न २ लाख ६४ हजार, नवीन पद्धतीत ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग वाचणार काय, शून्यातून वजा केलं की शून्यच. तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन पण नाही, तेव्हा बिलातले १८ टक्के परत येण्याचा प्रश्न नाही. दुसऱ्यांचे रिटर्न भरणाऱ्या बाईला हे सांगायला नको खरं, पण स्वतःच्या खरेदीच्या वेळी आपण सगळेच गिऱ्हाईक होतो.

तर माझं म्हणणं असं आहे की मार्चपर्यंतचा वेळ विकत घ्या, आणि त्यासाठी ५ हजारांच्या वर एक रुपया घालू नका. साफसफाई आणि पेस्ट पाचशे. डिस्क पिवळी दाखवत असेल तर २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, पण रॅम आणि एसएसडीचे भाव खालीवर होतात म्हणून बिल करण्याआधी दोन दुकानांत विचारा. ही एसएसडी वाया जात नाही, पुढच्या कॉम्प्युटरला लावता येते, म्हणून हा खर्च मला चालतो. यूपीएसची बॅटरी लागली तर तीही पुढे कामाला येते. रॅम मात्र घालू नका, नवीन बोर्डला ती बसेलच असं नाही. तेवढ्यापुरती रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरने पुसून परत लावायला सांगा, फुकटात होतं आणि कधीकधी हँग होणं त्यानेच थांबतं.

५ हजारच का, तर हा कॉम्प्युटर तसाही जाणारच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा सातवा. एका नंबरने हुकलं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी जादा सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेत, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर जाऊन नोंदणी करावी लागते, ती करून टाका कारण तुम्ही लोकांचे बँकेचे आणि पोर्टलचे पासवर्ड ह्याच मशीनवर टाकता. पण त्यानंतर ह्याच्यावर दुसऱ्यांचं काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच साडेनऊ हजारांचा मदरबोर्ड ह्या प्रोसेसरसाठी घेणं म्हणजे भाड्याच्या घराला मार्बल बसवणं.

आणि खरंच बोर्ड गेलेला निघाला तर? दुसऱ्या माणसाने एसएमपीएस बदलून लावून बघितला, तरीही बायोसमध्येच बंद पडतोय, असं झालं तर मग थांबू नका. तुमच्या ११ तारखेचा जीएसटीआर वन (विक्रीचा रिटर्न) आणि २० तारखेचा थ्री बी (कर भरायचा रिटर्न) चुकला तर दिवसाला ५० रुपये लेट फी प्रत्येक रिटर्नला, सहा दुकानं, ते पैसे दुकानदार भरणार नाहीत, तुमच्याकडून कापतील नाहीतर पुढच्या महिन्यात काम दुसरीकडे देतील, आणि २२ हजार येणं थांबलं तर वरचे सगळे हिशोब गेले उडत. पण तेव्हाही ५२ हजारांचा सेट नको. त्या कोटेशनमध्ये मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि चक्क स्पीकर आहेत. तुमचा मॉनिटर चांगला आहे ना? मग फक्त डबा मागा, कोटेशन परत काढायला लावा. टॅलीला आणि एक्सेलला ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून दुरुस्त करून विकलेला, आय फाईव्ह, आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा, ८ जीबी रॅम आणि वर्षाची वॉरंटी लिहून देणारा, पुष्कळ झाला. वीस बावीस हजारांत बसला तर सेव्हिंगमधून घ्या, सोळाएक हजार खाली राहतात, आणि मार्चची भिशी आली की पहिल्यांदा ते खड्डे भरा, नंतर बाकीचं.

त्या दुकानातल्या मुलाला पाच मिनिटांत बोर्ड गेला म्हणाला म्हणून लगेच लबाड ठरवू नका, त्याला दिवसाला चार घरं करायची असतात. पण बोर्ड गेला म्हणणाऱ्याला एकच विचारायचं, दुसरा एसएमपीएस लावून बघितलास का? नाही म्हणाला तर शंभर रुपये हातावर ठेवून चहा पाजून पाठवा आणि दुसरा बोलवा.

ह्या महिन्याची ११ तारीख यायच्या आत बायोसची टेस्ट करा आणि टेम्परेचरचा आकडा मला कळवा, सुरुवातीचा आणि बंद पडण्याआधीचा. आणि कॅबिनेट टेबलाच्या त्या बंद कप्प्यात आहे ना, ते आधी बाहेर काढा, देव्हाऱ्यापासून लांबच्या बाजूला, विटेवर ठेवलं तरी चालेल.