पाटली कुठवर सरकते ते बघ

इंदूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर रडवेली होऊन म्हणालीस, "ताई, डायलिसिसचे पेशंट माझं ऐकतच नाहीत." तू पाठवलेला आहाराचा तक्ता काल सावकाश वाचला. 'वर्ज्य'खाली दोन रकाने गच्च भरलेत आणि 'खावे'खाली जेमतेम चार ओळी. मीही असेच तक्ते वाटत असे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे रामबागेतल्या एक काकू यायच्या. शाकाहारी, शब्दाबाहेर न जाणाऱ्या. माझा कागद त्यांनी देवघराशेजारी चिकटवला होता. डाळ बंद, दूध बंद, फळं बंद. नुसता भात आणि साबुदाण्याची लापशी. दर खेपेला डायलिसिसनंतरचं वजन जिथल्या तिथे, म्हणून मी निर्धास्त. एक दिवस बीपीचा पट्टा बांधायला सिस्टरनं त्यांचा हात वर केला आणि मनगटातली पाटली सरळ कोपरापर्यंत घसरली. अंगावरचं मांस झडलं होतं आणि तेवढंच पाणी साठलं होतं, म्हणून काटा हलला नव्हता. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, कधीच खाली आणायला हवं होतं. मी फक्त काट्याकडे बघत राहिले. ते मला अजून लागतं.

डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात. सुरू झाल्यावर हिशेब उलटा होतो, आणि हे घरच्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. चार तासांत रक्तातला कचरा जातो तशी काही ग्रॅम अमिनो आम्लंही जातात. म्हणून किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. शाकाहारी घरात एवढं गाठायचं तर घट्ट वरण, पनीर, मोडाची मटकी हे सगळं ताटात परत यायला हवं. अंडं चालत असेल तर दोन अंड्यांच्या पांढऱ्यात सातेक ग्रॅम मिळतात. फॉस्फरसच्या भीतीनं डाळ तोडू नकोस. डाळीतला फॉस्फरस अंगी कमी लागतो. कोला आणि पाकीटबंद पदार्थांत घातलेला जवळजवळ सगळा लागतो. आधी ते बंद कर. रक्तात फॉस्फरस वाढू नये म्हणून दिलेली गोळी जेवताना घ्यायची असते, रिकाम्या पोटी नाही, हे दर वेळी विचार.

आणि पोहे! इंदूरच्या माणसाचे पोहे तोडलेस तर तो तुझं पुढचं काही ऐकणार नाही. पोहे खाऊ देत, कांदा-लिंबू घालून. शेव आणि वरून भुरभुरायचा खारट जिरावण मसाला बाजूला. मीठ कमी झालं की तहान कमी होते, आणि दोन डायलिसिसांच्या मध्ये चढणारं पाणीही. नुसतं 'पाणी कमी प्या' म्हणून कुणाची तहान भागत नाही. 'कमी सोडियमचं' मीठ आणलं असेल तर पाकीट मागून बघ, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि पोटॅशियम या पेशंटांच्या अंगात साठतं. थंडीतल्या गराडूचं, त्या तळून खायच्या कंदाचं कसं, तेही विचारतील. सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायचं, ते पाणी फेकायचं, मग दोन-चार फोडी. नारळपाणी नको, आणि कमरख (स्टारफ्रूट) तर मुळीच नको.

एक काका पंगतीला बसायचंच सोडून बसले होते. पुतण्याच्या मुंजीला मी त्यांना बळेच पाठवलं: वरण-भात-तूप पोटभर, श्रीखंड दोन चमचे, लोणचं-पापड आणि मठ्ठा नाही. पुढच्या खेपेला आले ते कोण कोण भेटलं हेच तासभर सांगत होते. रिपोर्टचा कागद खिशातच राहिला.

डायलिसिसच्या दिवशी ही माणसं उपाशी येतात, घरी गेली की थकून झोपतात. आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला दीडशेहून जास्त दिवस अर्धपोटी. सोमवारी तक्ता पिशवीतच ठेव. आधी प्रत्येकाला विचार, काल दिवसभरात काय काय खाल्लं. आणि ज्या हाताला सुई नाही, तो हात हातात घेऊन बघ. मग मला फोन कर, रात्री नऊनंतर.

तुझी,
ताई