दीड एकर विकून कम्युनिकेशनची पदवी?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. पाच एकर जिरायत, त्यात कापूस आणि सोयाबीन. मुलगी आर्ट्समधून बारावी झाली, वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं आणते. तिला पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बी.ए. कम्युनिकेशन करायचंय. फी, होस्टेल, मेस मिळून वर्षाला तीन लाख. दीड एकर वावर काढलं तर तिन्ही वर्षांचं भागतं. काढू का, असं ते विचारतात.

भाऊ, काढू नका. आणि खरं सांगायचं तर पदवीसाठी एवढा खर्चही करू नका.

विषय वाईट नाही. भाषण, वादविवाद, मुलाखत, गटात काम करणं हे सगळं त्यात शिकवतात, आणि पोरीचा कल उघड दिसतोय. पण नर्सिंगचं शिक्षण नसेल तर नर्स होता येत नाही, तसं इथे नाही. निवेदन, जनसंपर्क, बातमीदारी या कामांत बहुतेक ठिकाणी पदवी कशातली आहे यापेक्षा आवाज, लेखन आणि आधी केलेलं काम पाहतात. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या मराठी पत्रकारितेच्या पदव्युत्तर पदविकेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. म्हणजे यवतमाळ किंवा अमरावतीच्या अनुदानित कॉलेजात मराठी, इंग्रजी किंवा राज्यशास्त्र घेऊन काही हजारांत बी.ए. होईल. सोबत आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्रावर नैमित्तिक उद्घोषकांच्या ऑडिशन कधी निघतात, यावर लक्ष ठेवा. मोठा पैसा तीन वर्षांनी, तिची वाट पक्की झाल्यावर लावा.

मुलींची फी माफ झाली असं गावात ऐकलं असेल. 2024-25 पासूनची ती सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) भरणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, खासगी विद्यापीठांना नाही. तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात नाही पण बहुतेक घरांत होते: पीककर्ज उचलून फी भरणं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडतं. तो पैसा फीत गेला, त्यात बोंडअळी आली किंवा सोयाबीनचा भाव पडला, की खातं थकतं, सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. मग सावकार. या हिशेबात मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

एवढं सांगूनही पुण्याचंच ठरलं, तर शैक्षणिक कर्ज घ्या. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, सातबारा घरीच राहतो. समजा सात लाख घेतले, दरवर्षी तिसरा हिस्सा उचलत, व्याज 10 टक्के. शिक्षणाची तीन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष काहीच भरलं नाही, तर बोजा नऊ लाखांवर जातो आणि सात वर्षं महिन्याला पंधरा हजारांचा हप्ता बसतो. या क्षेत्रात सुरुवातीला अठरा-वीस हजार पगार धरला तर पोरगी पुण्यात खाणार काय? म्हणून शिकताना आणि नंतरच्या त्या वर्षातही नुसतं व्याज भरत राहा. पहिल्या वर्षी ते महिन्याला दोन हजारांच्या आत बसतं, बऱ्याच बँका त्याबद्दल व्याजदरात एक टक्का सूट देतात, आणि पुढचा हप्ता साडेअकरा हजारांच्या आसपास येतो.