आजीच्या पेटीवरची शिंपल्याची नक्षी खरी की प्लास्टिक, कसं ओळखायचं? तुकडे निघालेत, मुंबईत दुरुस्त होईल का?

ओळखणं सोपं आहे. गालाला लावून बघा, खरा शिंपला गार लागतो. पेटी उजेडात हलवा, गुलाबी-हिरवी झाक सरकते आणि दोन तुकडे कधीच एकसारखे नसतात. सुई तापवून टोचा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

पण मी लिहायला बसलो ते 'प्लास्टिक' हा शब्द वाचून. आमच्या गिरगावच्या घरी आत्याची शिसवीची पेटी होती, झाकणावर शिंपल्याचा मोर, आतोबांनी गिरणीच्या बोनसमधून घेतलेली. एकदा गणपतीच्या आधी वहिनीने समई-निरांजनं घासायला चिंच कोळली आणि त्याच हाताने मोरपण घासून ठेवला, मी ओरडलो तर म्हणे आजी सगळं चिंचेनंच घासायच्या. वाळल्यावर मोर पांढराफटक, झाक गायब. त्यावर दादा काय म्हणाला, तर पेटीच नकली, आतोबांच्या गळ्यात कोणीतरी प्लास्टिक मारलं! आत्या तिथेच बसलेली, तिच्यादेखत.

अहो, प्लास्टिकला चिंचेने काय होतंय? शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडी ज्याची असते तेच. त्याचे थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही साधारण निम्मे, एकावर एक रचलेले, त्या थरांवरून उजेड परततो म्हणून ते रंग दिसतात. आंबट लागलं की वरचे थर विरघळतात, झाक संपली. म्हणजे मोर बिघडला हाच तो खरा असल्याचा पुरावा, आणि हे मी दादाला इतकी वर्षं सांगतोय. आपल्या शेजारच्या गुजरातेतून 16व्या-17व्या शतकात असल्या पेट्या पोर्तुगीजांनी युरोपात नेल्या, फतेहपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीवरचं छत्र याच कामाचं आहे, आणि आमच्याकडे त्याला प्लास्टिक म्हणतात.

दुरुस्तीचं म्हणाल तर चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुन्या फर्निचरवाल्यांकडे विचारा, कारागीर तेच सांगतील. निघालेले तुकडे जपून ठेवा, नवीन तुकड्याची झाक जुन्याशी जुळत नाही. घरी कानशीने कोरडं घासू नका, ती धूळ छातीला वाईट. पुसायला ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं करायचं, लिंबू-व्हिनेगर लांब.

हां, गार तर काचही लागते, त्यामुळे एकट्या गालावर जाऊ नका, झाक सरकते का आणि तुकडे वेगवेगळे आहेत का ते भिंगाने पण बघा. आणि घरात कोणी नकली म्हणालं तर भिंग आधी त्याच्या हातात द्या, आजीसमोर असलं काही बोलू देऊ नका.